जन्मतारीख एक जून

पुण्याच्या शालेय खो-खोत ज्यांची उमर गेली, त्यांनाही ‘वैजनाथ गित्ते’ म्हटलं तर चटकन आठवायचं नाही. ‘हरकतसर’ म्हटलं की मात्र लगेच कपाळाला आठी पडते. सदाशिव पेठेतल्या एका मराठी शाळेत गित्ते खेळाचे शिक्षक होते. सामना सुरू होण्याआधी समोरच्या संघाची ओळखपत्रं मागून घ्यायची, चष्मा कपाळावर सरकवून एकेक जन्मतारीख वाचायची आणि एखादी मुलगी वयात बसत नसली की स्पर्धाप्रमुखांपुढे लेखी हरकत ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. तीन वर्षांत चार संघ त्यांनी असे घरी पाठवले होते. “सर, तुम्ही सामन्याला येता की खानेसुमारीला?” असं दुसऱ्या एका शाळेच्या बाईंनी त्यांना तोंडावर विचारलं होतं. सरांनी मग त्यांच्याही संघाची ओळखपत्रं मागितली.

याला कारण होतं. शहात्तर साली परळीजवळच्या आपल्या गावच्या शाळेकडून ते जिल्ह्याचा अंतिम सामना खेळले. समोरच्या ‘सतरा वर्षांखालील’ संघातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना मिशा होत्या. सामना संपल्यावर त्यातल्या एकाला न्यायला त्याची बायको आली, कडेवर मूल घेऊन. गित्त्यांचा संघ हरला होता आणि पंधरा वर्षांचा वैजनाथ खांबाला टेकून रडत होता. त्या दिवशी त्याने जी गाठ मारली ती कधी सुटली नाही. पुढे पुण्याला आला, नोकरीला लागला, पेठेतले लोक हसू नयेत म्हणून ‘ण’ आणि ‘ळ’ घासूनपुसून लख्ख केले, आणि शाळेच्या मैदानावर पत्र्याचा एक फलक रंगवून लावला. शाळेत पंचाहत्तर टक्के हजेरी, सगळ्या विषयांत पास, मैदानावर अपशब्द नाही, शिक्षकांचा अपमान केला तर वर्षभर मैदान बंद, आणि मुलीला वगळलं तर पालकांना लेखी कळवणार. माणूस खरा होता, यात वाद नाही. एवढंच की स्वतःच्या खरेपणावर त्याचं फार प्रेम होतं.

हळूहळू शहराचे दिवस पालटले. संगणकवाले आले, त्यांच्या मागून बंगले आले, आणि ज्या घरांतल्या तीन पिढ्या गित्त्यांच्या शाळेत शिकल्या त्या घरांतली मुलं टाय लावून इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढू लागली. शाळेचा पट गळायला लागला. पट कमी झाला की तुकडी बंद होते, तुकडी गेली की शिक्षक जादा ठरतो, आणि जादा ठरण्यात पहिला नंबर खेळाच्या मास्तरचा. म्हणून दर जूनमध्ये शिक्षक मुलं गोळा करायला निघत. नव्याण्णवच्या जूनमध्ये गित्ते सर दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरले ते याच कामासाठी.

तिथे एका मोकळ्या जागेत बांधकामाच्या सळयांचे ढीग पडले होते आणि त्यांतून एक मुलगी पळत होती. तिच्या मागे दोन मोठे पोरगे लागले होते. मुलगी ढिगाला वळसा घालताना वेग कमी करत नव्हती. एका पायावर अंग झोकून ती उलटी फिरायची आणि पोरगे सरळ पुढे जाऊन आपटायचे. सर उभ्या उभ्या घड्याळ बघू लागले. साडेतीन मिनिटं ती कुणाच्या हाताला लागली नाही. एवढी वर्षं आपण मुलींना जे शिकवतोय ते हिला कुणी शिकवलं, असं वाटून त्यांच्या अंगावर काटा आला.

मुलीचं नाव दीपमाला. बाप रंगराव शेळके हिंजवडीच्या कंपन्यांच्या इमारतींवर सळई बांधायला जाई. आई सोजरबाई पेठेतल्या एका विद्यार्थ्यांच्या खाणावळीत भांडी घाशी. अंबाजोगाईकडची माणसं, सरांच्याच मुलखातली. पुण्यात आल्यापासून दोन वर्षं मुलगी शाळेत गेलीच नव्हती. सोजरबाईने पत्र्याच्या पेटीतून गावच्या शाळेचा दाखला काढून दिला. त्यावर जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे शहाऐंशी.

“ही तारीख खरी न्हाई हं सर,” सोजरबाई म्हणाली. “मोठीच्या संगं हिलाबी साळंत बसवली होती. साडेचार वर्साची होती. गुरुजी म्हणले, पोरं कमी पडायलीत, दुसऱ्या मास्तरची जागा चाललीय. बसू द्या, मी सा वर्साची लिहितो. ही तर दिवाळीची हाय, सत्त्याऐंशीची.”

गित्ते सर हसले. गावाकडे निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. शाळा जूनला उघडते, मूल सहा वर्षांचं दाखवायचं असतं, गुरुजी बोटं मोजून तारीख टाकून देतात. “असू द्या, ताई. दाखल्यावर आहे तेच मी लिहितो,” असं म्हणून त्यांनी शाळेच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची कायमची नोंद होते त्या जाड वहीत, ती तारीख स्वतःच्या अक्षरात उतरवली. दीपमाला सहावीत बसली. तुकडी त्या वर्षी वाचली.

पुढची चार वर्षं सरांच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. ही मुलगी पहाटे सगळ्यांआधी मैदानावर यायची आणि पाणी मारून झाडून घ्यायची. खांबाला धरून अशी फिरायची की पाठलाग करणारीला तिची वेणीसुद्धा सापडत नसे. सरांना मूलबाळ नव्हतं. डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवताना ते ‘खेळाडूचा आहार’ वगैरे म्हणत, पण ती माया होती आणि ती माया होती हे शाळेतल्या शिपायालाही कळत होतं. नववीत असताना दीपमाला सतरा वर्षांखालच्या संघाची कर्णधार झाली. विभागाच्या अंतिम सामन्यात संघ एका गुणाने हरला आणि राज्यस्पर्धा हुकली.

त्याच उन्हाळ्यात रंगरावने गावाकडे मुलीचं लग्न जमवायला काढलं. सर तडक वस्तीत गेले. राज्याला खेळलेल्या मुलीला सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळते, तिथे राहणं, खाणं, कॉलेज, सगळं सरकारचं. पुढे खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीसुद्धा लागते, हे त्यांनी दोन तास बसून त्याला समजावलं.

रंगराव वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. “सर, राज्याला खेळली तर ठिवा तुमच्यापाशी,” तो म्हणाला. “न्हाई खेळली, तर मग मी माझ्या मनानं करणार. तवा मधी पडू नका.”

“यंदा नेतोच राज्याला. माझा शब्द,” सर म्हणाले. दीपमाला दारात उभी राहून ऐकत होती.

ऑगस्ट दोन हजार तीनमध्ये प्रवेशअर्ज आले. सर सुटीच्या तासाला कचेरीत बसून भरू लागले. कारकून बद्रीनाथ रजिस्टर उघडून तारखा सांगत होता. ‘शेळके दीपमाला रंगराव, एक सहा शहाऐंशी,’ असं तो म्हणाला आणि सरांचा हात थांबला. या वर्षी सतरा वर्षांखालच्या गटाला एक जानेवारी सत्त्याऐंशी किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. कागदावर दीपमाला सात महिन्यांनी मोठी ठरत होती. गेल्या वर्षी ती बसत होती, म्हणून यंदा बसेल की नाही हे त्यांनी मोजलंच नव्हतं. सगळ्या पुण्याच्या मुलींची वयं मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या कर्णधाराचं वय मोजलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एकोणीस वर्षांखालच्या गटात खेळायचं तर कनिष्ठ महाविद्यालय लागतं, आणि ते शाळेला नव्हतं.

बद्रीनाथने चहाचा घोट घेतला. “सर, सहाचा सात करायला मला हा चहा निवेपर्यंतचा वेळ पुरे. आणि खरं साल तेच आहे असं तुम्हीच म्हणता. म्हणजे खोडायची ती चूकच.”

“बद्रीनाथ, रजिस्टर मिटा.”

“मिटतो. पण आपल्याकडे चूक लिहिणाऱ्याला बढती आणि दुरुस्त करणाऱ्याला नोटीस, असं चालतं, एवढं ध्यानात ठेवा.”

दुसऱ्या दिवशी हे कानावर येताच सोजरबाई खाणावळीतून ओल्या हातांनीच धावत आली. पदराच्या गाठीतून तिने एक पिवळं पडलेलं कार्ड सोडलं. तालुक्याच्या दवाखान्यातलं लसीकरणाचं कार्ड होतं ते. जन्म ऑक्टोबर सत्त्याऐंशी. नावाच्या जागी ‘सोजरबाई रंगराव शेळके यांची मुलगी’ एवढंच.

“यावर दीपमालाचं नाव कुठाय?” सर म्हणाले. “ही हिची धाकटी बहीण कशावरून नाही?”

“धाकटी न्हाईच की मला. दोनच पोरी हायत. तुम्हाला ठावं हाय.”

“मला ठावं हाय,” सरांच्या तोंडून कित्येक वर्षांनी गावाकडची बोली निसटली. “पर कागदाला काय ठावं?”

हे झाल्यावर मुख्याध्यापिका दामले बाईंनी सरांना बोलावून घेतलं. बाई व्यवहारी होत्या. त्या म्हणाल्या, “जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज आज शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवू. ग्रामपंचायतीचा दाखला मागवू. अर्जाची प्रत जोडून मुलीचं नाव संघात घाला. निकाल लागेल तेव्हा लागेल. कुणी हरकत घेतलीच तर तेव्हा बघू.”

या वाटेत खोटं काहीच नव्हतं. कुणाचं सहाचं सात होत नव्हतं. थोडं थांबायचं, थोडं खाली मान घालून लोकांचे टोमणे ऐकायचे, इतकंच. पण सरांच्या डोळ्यांपुढे दुसरंच चित्र उभं राहिलं. भर मैदानात ती खानेसुमारीवाली बाई हातात दीपमालाचं ओळखपत्र घेऊन उभी आहे, आणि हरकतसरांवर हरकत आली म्हणून सगळं पुणं हसतंय. रात्रंदिवस जपलेलं नाव एका दुपारी मातीत जाणार. त्या भीतीलाच त्यांनी तत्त्व असं नाव दिलं.

“दहावीचे बोर्डाचे अर्ज आता जातील. त्यात तारखांचा गोंधळ नको,” ते म्हणाले. “ज्या कागदावर मी दुसऱ्यांच्या मुली बाद केल्या, त्याच कागदावर माझी बाद.”

“मैदान तुमचं, सही तुमची,” दामले बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी फाइल उघडली. दुरुस्तीचा अर्ज गेलाच नाही.

सर तिथेच थांबले असते तरी एक वेळ निभावलं असतं. पण खरेपणाची हौस अर्ध्यावर भागत नाही. कुणी मागितलं नसताना त्यांनी शाळेच्या कागदावर स्पर्धाप्रमुखांना पत्र लिहिलं : ‘सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख १ जून १९८६ असल्याची मी जनरल रजिस्टरवरून स्वतः खात्री केली असून, ती वयोमर्यादेत बसत नसल्याने तिचे नाव वगळीत आहे.’ खाली सही, शिक्का. एक प्रत स्पर्धेच्या कचेरीत गेली. एक प्रत फलकावरच्या नियमाप्रमाणे पालकाला. रंगराव ती घ्यायला कामाच्या कपड्यांतच आला. त्याने पोचपावतीवर सही केली आणि कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. तो काही बोलला नाही.

बोलली ती दीपमाला. संध्याकाळी सगळा संघ मैदानावर असताना ती आली आणि सरांपुढे उभी राहिली. “मी सोळाची पण नाहीये अजून. तुम्हाला माहितीये. माहितीये ना सर? मग सांगा ना सगळ्यांना!”

“माहीत असणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं, दीपमाला.”

“तुम्ही बाबांना शब्द दिला होता!”

तिने खाली वाकून ओल्या मातीचा गोळा उचलला आणि पत्र्याच्या फलकावर मारला. मग दुसरा. तिसरा सरांच्या सदऱ्यावर बसला. सरांनी रुमालाने सदरा पुसला आणि शांतपणे सांगितलं की शिक्षकांचा अपमान केल्याबद्दल तिला वर्षभर मैदान बंद. नियम सगळ्यांना सारखा. शब्द त्यांनी मागे घेतले नाहीत. ती गेल्यावर ते साहित्याच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. हे मी त्यांची कड घ्यायला सांगत नाही. दयामाया असलेली माणसंही काय करू शकतात, एवढं कळावं म्हणून सांगतो.

तिच्याशिवाय संघ विभागाच्या दुसऱ्याच सामन्यात गारद झाला. पण सरांचं नाव झालं. पोटच्या पोरीसारखी मुलगी नियमासाठी बाहेर काढली, अशी वार्ता पसरली आणि डिसेंबरात शारीरिक शिक्षकांच्या मेळाव्यात त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. खानेसुमारीवाल्या बाईंनीही उभं राहून टाळ्या वाजवल्या. सर त्या दिवशी खूश होते. हे लिहिताना मला त्यांचा राग येतो, पण ते खूश होते हे खरं आहे.

दिवाळीनंतर दीपमाला शाळेत आलीच नाही. ती आईबरोबर खाणावळीत भांड्यांना बसू लागली. दहावीच्या परीक्षेला तिची जागा रिकामी राहिली. एप्रिलमध्ये रंगराव येऊन शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेला. बद्रीनाथने रजिस्टरवरून तो लिहिला, तारखेसकट.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सोजरबाई शाळेत आली. सुटी होती, पण पुढच्या वर्षीच्या पटासाठी सर याद्या करत बसले होते. ती दारातच खाली बसली.

“सर, तेवढं लगीन थांबवा. सहा तारखेला गावाकडं हाय. नवरा ऊसतोडीचा मुकादम. चौतीस वर्साचा. पहिली मेली, तिचे दोन लेकरं हायत.” ती पदराने तोंड पुसत राहिली. “एक तारखेला अठरा भरत्यात ना कागदावर, म्हणून सहाची तारीख धरली. साडेसोळाची हाय हो माझी. मी बोलले तर मला मारतो. तुमचं कुणी ऐकंल.”

सरांनी याद्या मिटल्या. सात महिन्यांनी मोठी म्हणून त्यांनी जिला खेळू दिलं नाही, ती त्याच तारखेने लग्नाला पुरेशी मोठी झाली होती. हे गणित रंगरावने केलं होतं, त्यांनी नव्हतं केलं. ते उठले, चपला घातल्या आणि थेट पोलीस चौकीत गेले. मुलगी अल्पवयीन आहे, लग्न बेकायदा आहे, थांबवा, अशी त्यांनी लेखी तक्रार दिली. एवढ्या वर्षांत त्यांनी घेतलेली ही एकच हरकत अशी होती, जिच्यात त्यांचं स्वतःचं काही नव्हतं.

तीन जूनला दुपारी हवालदार बाबुरावांनी सगळ्यांना बोलावलं. बाबुराव वयस्कर होते, घरात लेकी असलेले. रंगराव मुलीला घेऊन आला होता. सोजरबाईला त्याने आणलं नव्हतं, पण ती मागोमाग येऊन रस्त्यापलीकडे उभी होती. दीपमाला भिंतीला लागून बसली. सरांनी तिच्याकडे बघितलं. हातांना राखेच्या आणि साबणाच्या भेगा पडल्या होत्या.

“मुलगी साडेसोळाची आहे. मला खात्री आहे,” सर म्हणाले.

रंगरावने पिशवीतून शाळेचा दाखला काढला. त्याखाली घडी घातलेलं ते पत्र. बाबुरावांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचली, आणि वाचून झाल्यावर पत्र सरांपुढे सरकवलं. “ही सही कुणाची?”

“माझी.”

“‘स्वतः खात्री केली असून.’ म्हणजे सर, आता जी खात्री आहे ती खरी, की ऑगस्टातली खरी?”

“ऑगस्टात… ते रजिस्टरप्रमाणे होतं. रजिस्टर चुकीचं आहे.”

“मग दुरुस्तीचा अर्ज केला असेल ना तुम्ही? त्याची पोच द्या. मी तेवढ्यावरही लग्न थांबवतो.”

“अर्ज नाही केला,” सर म्हणाले. लसीचं कार्ड होतं, असं त्यांनी सांगितलं. रंगराव म्हणाला, ते फाटलं, आणि तसंही त्यावर नाव नव्हतं म्हणून सरांनीच ते घेतलं नव्हतं. बाबुरावांनी कपाळावरून हात फिरवला. मग त्यांनी रंगरावला बाहेर पाठवलं, दार ओढून घेतलं आणि दीपमालापुढे खुर्ची घेऊन बसले.

“बाळ, आता बाप नाही इथं. घाबरू नकोस. तू स्वतः सांग, तुझं वय किती? तू म्हणालीस तर मी दवाखान्यात तपासायला पाठवतो, लग्न आपोआप थांबतं.”

दीपमालाने सरांकडे बघितलं. सर तिच्याकडे बघून मान डोलावत होते, बोल, बोल, म्हणून.

“अठरा,” ती म्हणाली. “परवा पूर्ण झाली.”

“खरं सांग, बाळ.”

“खरं सांगून बघितलंय मी एकदा.”

बाबुरावांनी तिला आणखी दोनदा विचारलं. तिने तेच सांगितलं. मग त्यांनी दार उघडलं, बापलेकीला जाऊ दिलं आणि सरांपुढे कोरा कागद ठेवला. “तक्रार गैरसमजातून केली होती, मागे घेतो, असं लिहून द्या. नाहीतर खोटी तक्रार म्हणून तुमच्यावर यायचं.” सरांनी लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. खाली त्यांनी सही केली आणि तारीख घातली.

ते बाहेर आले तेव्हा रंगराव आणि दीपमाला रिक्षात बसून निघून गेले होते. सोजरबाई रस्ता ओलांडून धावत आली.

“लिहून घेतलं का हो सर त्यांनी?”

काय लिहून घेतलं ते सरांना सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही.

“घेतलं,” ते म्हणाले.

भर रस्त्यात ती त्यांच्या पाया पडायला वाकली, आणि सर तसेच उभे राहिले.